बँडसोबत वाजवायला गिटार ॲम्प कसा निवडायचा

घरी झकास वाजणारा ॲम्प बँडमध्ये गेला की कुठे हरवतो, हा प्रश्न बहुतेक गिटारवाल्यांना कधी ना कधी पडतो. खोलीत एकट्याने वाजवताना आवाज भरदार, गोड, अगदी रेकॉर्डवरच्यासारखा. तालमीत ड्रमरने पहिला स्नेअर हाणला की गिटार गायब. मग तुम्ही आवाज वाढवता, बेसवाला वाढवतो, आणि गायक म्हणतो, मला माझाच आवाज येत नाहीये. अशा वेळी दोष ॲम्पच्या आकाराला दिला जातो, पण खरं दुखणं बऱ्याचदा वेगळंच असतं. बँडमधल्या गिटारने एकटीने सुंदर वाजून भागत नाही. ड्रम, बेस, कीबोर्ड आणि गळा यांच्यामधे जी जागा उरते ती तिला नीट धरता आली पाहिजे. ॲम्प निवडताना कसोटी हीच लावायची. मी ज्या क्रमाने विचार करतो त्याच क्रमाने पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत, आणि ब्रँडचा विषय मुद्दाम मागे ठेवला आहे.

पायरी 1: लोकांपर्यंत तुमचा आवाज कोण नेणार, ते ठरवा

गिटारचा आवाज ॲम्प स्वतः प्रेक्षकांपर्यंत पोचवणार, की ॲम्पपुढे माइक लावून पीए, म्हणजे हॉलभर आवाज पोचवणारी ध्वनियंत्रणा, पोचवणार? बाकीचं जवळजवळ सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे.

1960च्या दशकात पीए म्हणजे गायकाच्या माइकपुरती सोय असायची. गिटार, बेस आणि ड्रम यांनी आपापल्या ताकदीवर हॉल भरायचा. ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंड यांना आणखी मोठा आवाज हवा होता, आणि त्या मागणीतून 1965च्या सुमारास ॲम्प बनवणाऱ्या जिम मार्शल यांच्याकडे 100 वॅटचा ॲम्प तयार झाला. पाठीमागे रचलेल्या कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेट्यांच्या, भिंती ही तेव्हाची गरज होती. आज बऱ्याच ठिकाणी गिटारही पीएवरून जाते, त्यामुळे ॲम्पचं काम पुष्कळ हलकं झालं आहे: तुम्हाला आणि शेजारच्या सोबत्यांना ऐकू येणं, आणि माइकला चांगला आवाज देणं. तरीही 100 वॅटचा मोह सुटत नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा कागद घ्या आणि तुमच्या बँडबद्दल खरं खरं लिहून काढा. पुढच्या वर्षी कुठे वाजवायची इच्छा आहे ते नको. सध्या कुठे वाजवता ते लिहा. तुमच्या ठिकाणी पीएवर फक्त गळा जातो की गिटारही? ड्रमर काठ्यांनी जोरात वाजवतो की हात राखून? दुसरी गिटार आहे का? कीबोर्ड आहे का, आणि कीबोर्डवाला डाव्या हाताने काय करतो? तुम्हाला जोरात पण स्वच्छ, म्हणजे क्लीन आवाज हवा आहे, की तुमचा बहुतेक वेळ डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटलेल्या आवाजात, जातो? आणि शेवटचा, कोणी विचारत नाही असा प्रश्न: सामान कोण उचलतं, आणि जिना आहे का?

कानात मॉनिटर (स्वतःला ऐकण्यासाठीचे इअरफोन) घालून वाजवणारा, स्टेज शांत ठेवणारा बँड असेल तर तुमचा रस्ता इथूनच वळतो. तुम्ही तिसरी पायरी आधी वाचा. कदाचित तुम्हाला ॲम्प लागणारच नाही.

पायरी 2: वॅटचं गणित समजून घ्या, म्हणजे त्याची भीती जाते

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट म्हणजे फक्त 3 डेसिबलची वाढ. फरक कळतो, पण अंगावर येत नाही. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर 100 वॅटचा ॲम्प 10 वॅटच्या ॲम्पच्या दुप्पट मोठा वाटतो, आणि 50 वॅटच्या ॲम्पपेक्षा जेमतेम एक पाऊल पुढे असतो. 50 आणि 100 यांमध्ये अडकलेल्या माणसाने दुसऱ्या निकषांवर निर्णय घ्यावा. आवाजाच्या निकषावर तो घेण्यासारखा फरकच नाही.

दुसरा आकडा जाहिरातीत लहान अक्षरांत असतो, किंवा नसतोच: स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, तो हा आकडा. समजा एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 97 आहे आणि दुसऱ्याची 100. पहिल्याला 100 वॅट दिले आणि दुसऱ्याला 50, तर दोघांचा आवाज सारखाच, 117 डेसिबल. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज 30 हा लोकप्रिय स्पीकर 100 डेसिबलचा आहे. कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर काढून असा एखादा बसवला, तर जुना ॲम्प न बदलता वॅट दुप्पट केल्यासारखा परिणाम मिळतो. पैसे खर्च करण्याआधी हा उपाय तपासून पाहा.

आता ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे) वॅट आणि सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारे) वॅट यांचा जुना वाद. वॅट हे वॅटच असतात, त्यांना जात नसते. फरक पडतो तो मर्यादा ओलांडल्यावर. ट्यूब ॲम्प त्याच्या नेमून दिलेल्या ताकदीपलीकडे ढकलला की आवाज हळूहळू दाबला जातो, फुलतो, आणि ते डिस्टॉर्शन कानाला आवडतं. म्हणून 15 वॅटचा ट्यूब ॲम्प आपण बिनधास्त त्याच्या टोकापर्यंत वापरतो. सॉलिड स्टेट ॲम्प टोकाला गेला की बहुधा कर्कश फाटतो, म्हणून तिथवर जायची वेळ येऊ नये इतकी ताकद हाताशी ठेवावी लागते. फेंडरने 2019 मध्ये टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब आणला, तेव्हा 22 वॅटच्या ट्यूब ॲम्पची नक्कल करायला त्यात 100 वॅटचा डिजिटल पॉवर ॲम्प बसवला. यातच सगळं आलं.

आणखी एक गोष्ट सहसा उलटी समजली जाते. जास्त वॅट लागतात ते क्लीन वाजवणाऱ्याला. डिस्टॉर्शनचा आवाज आधीच दाबलेला, सपाट असतो. तो कमी वॅटमध्येही भरून येतो. फंक किंवा जॅझची तुटक कॉर्ड मात्र क्षणभर मोठी उसळी घेते, आणि ती न फाटता बाहेर पडायला मोकळी जागा लागते. तिलाच हेडरूम म्हणतात. मेटल वाजवणाऱ्याने 20 वॅटचा ट्यूब ॲम्प घेतला तर एकवेळ चालून जाईल. जोरात ड्रमर असलेल्या बँडमध्ये काचेसारखा क्लीन आवाज हवा असेल तर 20 वॅटवर जीव मेटाकुटीला येतो.

माझा अंदाज असा. माइक लागणार असेल आणि ड्रमर समजूतदार असेल तर 15 ते 22 वॅटचा ट्यूब ॲम्प पुरतो. माइक नसेल आणि क्लीनही हवं असेल तर 30 ते 50. सॉलिड स्टेट किंवा मॉडेलिंगमध्ये (डिजिटल पद्धतीने दुसऱ्या ॲम्पची नक्कल करणाऱ्यांत) माइक असताना 50, नसताना 100 किंवा पुढे. ड्रमकिटच्या शेजारी 100 ते 110 डेसिबल सहज होतात, तेव्हा 5 वॅटचा गोंडस ॲम्प मायक्रोफोनशिवाय तिथे तग धरणार नाही, त्याचं घरी कितीही कौतुक होत असलं तरी.

पायरी 3: ट्यूब, सॉलिड स्टेट की मॉडेलिंग?

ट्यूब ॲम्पचा खरा फायदा बोटांत कळतो. हळू वाजवलं तर क्लीन, जोरात ओढलं तर कुरकुरीत, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की पुन्हा स्वच्छ. पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब, पाहून ॲम्पचा स्वभाव बऱ्यापैकी ओळखता येतो. दोन ईएल84 म्हणजे साधारण 15 ते 18 वॅट, झळाळता, लवकर फुटणारा आवाज. व्हॉक्स एसी15 या घराण्यातला, आणि एसी30 मध्ये अशाच चार ट्यूब असतात. दोन 6व्ही6 म्हणजे फेंडर डिलक्स रिव्हर्बसारखे 22 वॅट. 6एल6 असतील तर घट्ट बेस आणि जास्त हेडरूम. फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये त्या चार असतात आणि 85 वॅट मिळतात. ईएल34 म्हणजे मार्शलचा मिड्सनी (मधल्या पट्टीच्या आवाजाने) भरलेला, गुरगुरणारा आवाज: दोन असतील तर 50 वॅट, चार असतील तर 100. तोटे सगळ्यांना ठाऊक आहेत. वजन, उष्णता, ट्यूब झिजणं, आणि प्रवासातले धक्के.

सॉलिड स्टेट ॲम्पकडे अजूनही थोडं नाक मुरडून पाहिलं जातं, आणि ते मला पटत नाही. रोलँडचा जेसी-120 हा 1975 पासून बाजारात आहे: दोन बाजूंना 60-60 वॅट, दोन 12 इंची स्पीकर, आणि न फाटणारा क्लीन आवाज. वाद्यं भाड्याने देणाऱ्यांकडे आणि तालमीच्या खोल्यांमध्ये तो जगभर दिसतो, कारण तो बिघडत नाही. सगळं डिस्टॉर्शन पेडलमधून (पायाने दाबायच्या इफेक्टच्या डबीतून) घेणाऱ्याला असा ॲम्प उत्तम पाया देतो. फक्त काही पेडलं त्याच्यावर जास्त टोचरी वाजतात, म्हणून स्वतःचं पेडलबोर्ड लावून ऐकल्याशिवाय घेऊ नका.

मॉडेलिंग कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), म्हणजे बॉस कटानासारखे ॲम्प, पहिला बँड ॲम्प घेणाऱ्याला मी बेलाशक सुचवतो. ताकद कमी-जास्त करायचा स्विच, आत बसवलेले इफेक्ट्स, हलकं वजन. एक पथ्य पाळायचं: प्रत्येक गाण्याला वेगळा प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली नॉबची मांडणी, करू नका. तीन पुरेत, एक क्लीन, एक जरा फुटलेला, एक सोलोचा. प्रीसेट घरी बनवले तर त्यांच्या पातळ्या बँडमध्ये हमखास विस्कटतात.

लाइन 6 हेलिक्स, केम्पर किंवा क्वाड कॉर्टेक्स यांसारखं ॲम्पची नक्कल करणारं यंत्र पायाशी ठेवून थेट पीएला जाणं हाही आता सर्रास मार्ग आहे. ठिकाणाचा पीए आणि मॉनिटर चांगले असतील तर तो सगळ्यात सोयीचा. तसे नसतील तर स्वतःचा एफआरएफआर स्पीकर, म्हणजे सगळी कंप्रता सारखी वाजवणारा पॉवर्ड स्पीकर, सोबत न्यावा लागतो, आणि मग वजनात झालेली बचत निम्मी संपते. शिवाय मॉनिटर वेज (स्टेजवर वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) एकच असेल आणि तो गायकापुढे असेल, तर तुम्ही रात्रभर अंदाजाने वाजवणार.

पायरी 4: स्पीकर आणि कॅबिनेट

ॲम्पच्या चर्चेत सर्वांत जास्त वेळ ट्यूबवर जातो. मला विचाराल तर आवाजावर स्पीकर आणि त्याची पेटी यांचा हात जास्त असतो.

8 किंवा 10 इंचाचा एकच स्पीकर असलेला कॉम्बो घरासाठी ठीक. बँडसाठी 12 इंच हा व्यवहार्य आरंभ आहे. एक 12 इंची स्पीकर पुरतो का? माइक असेल तर पुरतो. माइक नसेल तर दोन बरे, कारण एक तर स्पीकर जोडीने हवा जास्त चांगली हलवतात, आणि दुसरं म्हणजे आवाज जरा जास्त पसरतो. चार स्पीकरचं मोठं कॅबिनेट 35 किलोच्या पुढे जातं. ते मोठ्या स्टेजवर शोभतं, छोट्या जागेत फक्त साउंडवाल्याची डोकेदुखी होतं.

उघड्या पाठीच्या कॅबिनेटचा आवाज मागूनही बाहेर पडतो. स्टेजवर तो सगळीकडे पसरतो, ड्रमरलाही तुम्ही ऐकू येता, आणि एकूण आवाज मोकळा लागतो. बंद पाठीच्या कॅबिनेटमध्ये बेस घट्ट आणि ठोसेदार असतो, पण आवाज समोरच जातो. तळहाताने दाबून छुगछुग रिफ वाजवणाऱ्यांना बंद पाठ हवी. क्लीन, ब्लूज, पॉप, इंडी यांना उघडी पाठ जास्त साथ देते.

आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट. साधारण 1100 हर्ट्झच्या वर 12 इंची स्पीकर आवाज सगळीकडे पसरवत नाही; तो टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर फेकतो, आणि जितकी उंच पट्टी तितका झोत अरुंद. तुमचा ॲम्प जमिनीवर आहे आणि तुम्ही दोन पावलांवर उभे आहात, तर हा झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो. कानाला आवाज मंद, गोलाकार लागतो, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता. आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या कपाळात खिळा ठोकला जातो. खात्री करून घ्यायची असेल तर एक कॉर्ड वाजवून स्पीकरसमोर उकिडवे बसा. फरक इतका असतो की पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकून मागे सरकतो. म्हणून निवड करताना ॲम्पला मागे कलवता येतं का, कलवल्यावर तो स्थिर राहतो का हे पाहा. तिरपा स्टँड किंवा खाली एखादी भक्कम पेटी ठेवली तरी काम होतं.

हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) आणि कॅबिनेट वेगळं घेणार असाल तर ओहमचा हिशोब चुकवून चालणार नाही. ॲम्पच्या मागे 4, 8, 16 असे आकडे असतात. 8 ओहमच्या सॉकेटला 8 ओहमचं कॅबिनेट. 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की 4 ओहम होतात, मग ॲम्पही 4 वर हवा. सॉलिड स्टेट ॲम्पला नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा कमी ओहम लावायचे नाहीत. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवायचा नाही, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मधली केबल स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते, ती इतक्या विद्युतप्रवाहासाठी बनवलेली नाही. स्पीकरची वॅट-क्षमता ॲम्पपेक्षा जास्त असलेली बरी. ट्यूब ॲम्प पूर्ण ढकलला की तो छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त देतो.

पायरी 5: बटणं आणि मागची बाजू

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की 82 हर्ट्झ. बेस गिटारची 41. किक ड्रमचा धक्का याच तळघरात राहतो. वर, साधारण 5000 हर्ट्झच्या पुढे, झांजांचं राज्य. गिटारच्या वाट्याला येतात मिड्स, ढोबळमानाने 400 ते 3000 हर्ट्झ. घरी कमी आवाजात मिड्स काढून बेस-ट्रेबल वाढवलेला आवाज भव्य वाटतो, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालच्या आणि वरच्या कंप्रता कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. तोच आवाज मोठा केला की बेस घोंघावतो, ट्रेबल टोचतो, आणि गिटारची हक्काची जागा रिकामी राहते. गिटार गायब होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

म्हणून ॲम्पला मिडल नॉब असेल तर चांगलं. डिलक्स रिव्हर्बसारख्या काही नावाजलेल्या ॲम्पना तो नाहीच, आणि त्यांच्या मूळ स्वभावातच मिड्स थोडे खाली असतात. क्लीनसाठी ते छान लागतं, पण त्यावर डिस्टॉर्शन लावलं की गिटार मागे पडते. अशा ॲम्पपुढे ट्यूब स्क्रीमरसारखं मिड्स उचलणारं पेडल इतके लोक लावतात ते यामुळेच.

मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, हवाच. तालमीची खोली आणि मोठं स्टेज यांमध्ये तोच एक दुवा असतो. ताकद निम्मी करायचा स्विच असेल तर उत्तम, पण वरचं गणित आठवा: 40 वरून 20 वॅट केलं तर आवाज 3 डेसिबलच उतरतो. ट्यूब ॲम्प खरंच हळू पण ढकललेला वाजवायचा असेल तर ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून ताकद कमी करणारा ॲटेन्युएटर लागेल.

डिस्टॉर्शन ॲम्पमधूनच घेत असाल आणि डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) वापरत असाल तर इफेक्ट्स लूप, म्हणजे ॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर इफेक्ट जोडायची सोय, पाहून घ्या. डिले डिस्टॉर्शनच्या आधी आला की प्रतिध्वनीही फाटतात आणि सगळा चिखल होतो. डिस्टॉर्शन पेडलचंच असेल तर लूप नसला तरी काही बिघडत नाही. दोन चॅनेलचा ॲम्प घेताना दोन्ही चॅनेलना वेगळा टोन आणि वेगळा व्हॉल्यूम आहे का बघा. एकच टोन दोघांत वाटून घेणारे ॲम्प स्टेजवर त्रास देतात. फूटस्विच सोबत मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, हे आधी विचारा. माइकऐवजी थेट पीएला जाणारा लाइन आउट असेल, तर त्यात स्पीकरची नक्कल आहे का ते तपासा. नसेल तर पीएवर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येतो.

पायरी 6: दुकानात नव्हे, ड्रमरसोबत तपासा

दुकानात बसून, एकट्याने, हळू आवाजात ऐकलेला ॲम्प जवळजवळ काहीच सांगत नाही. शक्य असेल तर मित्राचा ॲम्प तालमीला आणा, भाड्याने घ्या, किंवा परत करायची मुभा असेल तिथून घ्या. नाइलाजाने दुकानातच तपासायचं असेल तर निदान उभे राहा, स्वतःची गिटार आणि पेडलं न्या, आणि आवाज मोठा करू देतील अशा वेळी जा.

तालमीत असं करा. सगळे टोन नॉब मध्यावर ठेवा. रिव्हर्ब बंद. ड्रमरला त्याच्या नेहमीच्या जोरात ताल धरायला सांगा आणि मास्टर हळूहळू वाढवत न्या. गिटार ड्रमच्या बरोबरीला आली की थांबा आणि नॉब बघा. तो मध्याच्या आसपास असेल तर ॲम्प तुमच्या मापाचा आहे. शेवटाला टेकला असेल तर लहान पडतोय. आणि जेमतेम दोनवर असेल, त्यापुढे हात लावला की सगळे कान झाकत असतील, तर तो तुमच्या बँडसाठी फार मोठा आहे. रोज तो गळा दाबून वाजवावा लागेल.

मग बेसवाल्याला सामील करा. तुमचा बेस नॉब शून्याकडे न्या आणि परत थोडा थोडा वाढवा. गिटार पातळ वाटायची थांबली की तिथेच सोडा. ही जागा तुम्हाला वाटते त्यापेक्षा खालीच निघते. आता क्लीन आवाजात सगळ्यात जोराची कॉर्ड मारा. फुटतोय? किती? हवं तितकंच फुटतंय का? नंतर सोलो वाजवा आणि बूस्ट पेडल दाबा. ॲम्प आधीच टोकाला असेल तर बूस्टने आवाज वाढत नाही, फक्त आणखी फाटतो. शोमध्ये सोलो ऐकू न येण्याचं कारण हेच असतं, आणि ते तालमीत पाच मिनिटांत पकडता येतं.

शेवटी लांब केबल लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि तिथून वाजवा. किंवा फोन तिथे ठेवून एक गाणं रेकॉर्ड करा. फोनमध्ये आवाजाचा दर्जा कळत नाही, पण कोण कोणाला झाकतंय ते मात्र स्वच्छ कळतं.

पायरी 7: वजन आणि वापरलेला ॲम्प

ट्विन रिव्हर्ब जवळपास 29 किलोचा आहे. रात्री उशिरा, दोन मजले, एका हाताच्या हँडलने. ट्यूबचा डिलक्स रिव्हर्ब 19 किलोच्या घरात, टोन मास्टर त्याच्या निम्म्याच्या जरा वर. जो ॲम्प नेण्याचा कंटाळा येतो तो घरीच राहतो, तेव्हा उचलून दहा पावलं चालून बघायला लाजू नका.

वापरलेला ट्यूब ॲम्प घेण्यात मला तरी काही गैर वाटत नाही, फक्त तो वीस मिनिटं चालू ठेवून तपासा. थंड असताना नीट आणि गरम झाल्यावर आवाज बसतोय, असं होऊ शकतं. नॉब फिरवताना खरखर आली तर बहुधा धूळ, किरकोळ. सतत मोठी घरघर असेल तर फिल्टर कपॅसिटर जुने झाले असतील. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रीॲम्प ट्यूबना (सुरुवातीच्या टप्प्यातल्या लहान ट्यूबना) हलकेच टिचकी मारा; एखादी घंटेसारखी वाजली तर ती बदलावी लागेल. पॉवर ट्यूबची धातूची पत्रं लालभडक दिसली तर ताबडतोब बंद करा. दुसऱ्या देशातून आलेला ॲम्प असेल तर तो 120 व्होल्टचा आहे की 230 चा हे मागच्या पाटीवर वाचा. आणि आतलं काही उघडून बघू नका: प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब उरलेला असतो. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

पायरी 8: स्टेजवर मांडणी

गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे किंवा टेप लावणारे लोक अजून आहेत. असं कधीही करू नका. 1972 मध्ये स्टोन द क्रोज बँडचे गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वॉन्झी इथे स्टेजवरच विजेचा धक्का बसून गेले. माइकचं अर्थिंग सदोष होतं आणि त्यांच्या हातात गिटार होती. अनोळखी ठिकाणी ॲम्प, पेडलबोर्ड आणि शक्य झालं तर पीएही एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं बघा, आणि साधा सॉकेट टेस्टर जवळ ठेवा. गुणगुण बऱ्याचदा दिव्यांच्या डिमरमुळे असते. सिंगल कॉइल पिकअप असेल तर गिटार धरून थोडं वळलं की ती कमी होते.

ॲम्प शक्य तितका मागे आणि कलता ठेवा, झोत तुमच्या कानाकडे. अगदी ड्रमरच्या पाठीशी नको. प्रेक्षकांवर सरळ रोखलेला ॲम्प पहिल्या दोन रांगांना झोडपतो. तो जरा आडवा, स्टेजच्या आतल्या दिशेला वळवला की साउंडवाला तुमचा आभारी राहील. माइक बहुतेक ठिकाणी शुअर एसएम57 असतो. स्पीकरच्या मधल्या घुमटीसमोर लावला तर आवाज तेज, कडेकडे सरकवला तर मऊ. हे बोटभर सरकवणं कुठल्याही नॉबपेक्षा जास्त परिणाम करतं, म्हणून टोन फिरवण्याआधी माइक हलवायला सांगा.

कानाचे प्लग पिशवीत असू द्या. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था नायॉश 100 डेसिबलला दिवसाला 15 मिनिटांची मर्यादा सांगते, आणि एक तालीम त्याहून कितीतरी लांब असते. पिशवीत त्यासोबत एक फ्यूज योग्य आकड्याचा, एक स्पीकर केबल, आणि ट्यूब ॲम्प असेल तर एक जास्तीची 12एएक्स7 प्रीॲम्प ट्यूब.

साउंडचेकमध्ये सगळ्यात मोठा आवाज आधी दाखवा: जोराची कॉर्ड, मग बूस्टसह सोलो. साउंडवाल्याने पातळी क्लीनवर बेतली आणि शोमध्ये अचानक सोलो उसळला, तर तो फेडर (मिक्सरवरची तुमच्या आवाजाची सरकपट्टी) खाली ओढेल आणि पुढची तीन गाणी तो तिथेच राहील. त्याने स्टेजवरचा आवाज कमी करायला सांगितलं तर आधी ॲम्प आणखी कलवा, कानाजवळ आणा, आणि मग मास्टर उतरवा. तुम्हाला पूर्वीइतकंच ऐकू येईल आणि गायकाच्या माइकमध्ये तुमची गिटार शिरणार नाही.